पदवींत आजीआजोबांचा वांटा

जून महिना उजाडला कीं आमच्या शाळेच्या कचेरींत पेढ्यांचे पुडे येऊं लागतात. येथून बाहेर पडलेला एखादा विद्यार्थी इंजिनियरिंगला लागलेला असतो, एखादी विद्यार्थिनी नर्सिंगच्या किंवा कायद्याच्या शिक्षणाकरितां पुण्यास निघालेली असते, आणि त्यांचे वडील किंवा आई जुन्या शिक्षकांचें तोंड गोड करावयास येतात. ह्या भेटींत एक वाक्य आम्हीं इतक्या वेळां ऐकिलें आहे कीं तें आतां पालकांच्या तोंडून निघण्यापूर्वींच आम्हांस ऐकूं येतें. "आज आमचे दादा असते तर!" किंवा "आईनें हा दिवस पाहावयास हवा होता, सर." कॉलेजाचें नांव सांगून होतें, फीचा आंकडा सांगून होतो, खोली कोठें मिळाली तें सांगून होतें, मग पालक क्षणभर थांबतात आणि हें वाक्य येतें. त्यानंतर ते बहुधा उठून जातात, कारण पुढें त्यांना बोलवत नाहीं.

लग्नपत्रिकेंत जशीं कांहीं वाक्यें ठराविक असतात तसेंच हेंही एक ठराविक वाक्य आहे, असें आमच्या एका सहकाऱ्यांचें मत आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. ठराविक वाक्य बोलतांना माणसाचा आवाज बदलत नाहीं; हें बोलतांना तो बदलतो. अशा पालकाची स्थिति मोठी विलक्षण असते. आजोबांनीं कॉलेज पाहिलें नाहीं, आणि कॉलेजांत निघालेल्या मुलानें आजोबा पाहिले नाहींत; पाहिले असले तर अगदीं लहानपणीं, ओसरीवर बाजेवर खोकत पडलेले असे पाहिले. दोन्ही काळांस ओळखणारा असा घरांत हा मधला माणूसच काय तो उरलेला असतो. मुलाला किती टक्के गुण मिळाले हें शेजाऱ्यांस सांगतां येतें आणि शेजारी मान डोलावतात. परंतु ज्या घरांत अंगठा उठवीत त्या घरांतील नात वकिलीची परीक्षा देणार, म्हणजे नेमकें काय घडलें, हें ज्यांना पुरतें समजलें असतें तींच माणसें ऐकावयास नाहींत. अभिमान वांटून घेण्यास जोडीदार लागतो, आणि येथें जोडीदार मातीखालीं आहे.

मग हा अभिमान त्यांच्याशीं वांटून घ्यावयाचा कसा? आमचे हिंदु शेजारी पितृपक्षांत वडिलांच्या नांवें पान वाढतात. वसईकडील आमचे रोमन बंधु नोव्हेंबराच्या दुसऱ्या तारखेस कबरींवर मेणबत्त्या लावून प्रार्थना करतात. आम्हां प्रॉटेस्टंट मंडळींत मृतांकरितां प्रार्थना करण्याचा प्रघात नाहीं, आणि त्यामुळें अशा प्रसंगीं आमचीं माणसें किंचित् गोंधळतात. घरीं उपकारस्तुतीची सभा ठेवितात, पाळकसाहेब येतात, एकदोन गीतें होतात, चहा-चिवडा होतो, आणि मुलाचें नांव घेऊन देवाचे आभार मानिले जातात. हें सर्व उत्तमच आहे. परंतु ज्यांच्या हातांनीं देवानें हें कार्य करविलें त्यांचें नांव त्या प्रार्थनेंत पुष्कळदां येतच नाहीं. पौलानें तीमथ्याला दुसरें पत्र लिहिलें तें बंदिवासांतून. मरण समोर दिसत होतें आणि सांगावयाचें पुष्कळ उरलें होतें. तरीही त्या तरुणाच्या विश्वासाची आठवण काढतांना तो विश्वास आधीं त्याच्या आजीच्या ठायीं होता असें पौल लिहितो आणि त्या बाईचें नांवही देतो, लोईस. मग आई, युनीके. नव्या करारांत आजी हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणीं येतो. लोईस ही कोण, काय काम करी, तिला लिहितांवाचतां येत होतें कीं नाहीं, हें कांहींच आपणांस ठाऊक नाहीं. नातवाच्या पत्रांत नांव आलें म्हणून ती राहिली.

नांव न घेण्याचें कारण प्रत्येक वेळीं विसर हेंच असतें असें मात्र नाहीं. हें आम्हांस शाळेच्या जुन्या रजिस्टरांनीं शिकविलें.

जनरल रजिस्टर म्हणजे काय हें आमच्या लहान वाचकांस ठाऊक नसेल. शाळेंत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मुलाचें नांव, धर्म, जात, जन्मस्थान, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचें कारण हें सारें त्यांत लिहिलेलें असतें, आणि तें रजिस्टर कधींही रद्दींत घालावयाचें नसतें. कित्येक वर्षें आमचीं जुनीं रजिस्टरें कपाटाच्या तळच्या खणांत निमूट पडून होतीं. हल्लीं मात्र त्यांना मोठी मागणी आली आहे. महाराष्ट्रांत राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षणास जाणाऱ्या मुलाला जात वैधता प्रमाणपत्र लागतें, आणि त्याकरितां वाडवडिलांचा जुना कागद दाखवावा लागतो. अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० च्या पूर्वींचा, इतर मागास वर्गांस १३ ऑक्टोबर १९६७ च्या पूर्वींचा असेल तर तो भक्कम मानितात. असा कागद गरिबाच्या घरीं कोठून असणार? ज्याला जमीन होती त्याला फेरफार सांपडतो. ज्याला नव्हती त्याला आजोबांची किंवा पणजोबांची शाळेंतील नोंद, एवढाच आधार. म्हणून नातवाच्या प्रवेशाच्या हंगामांत आजोबांचें पान उघडलें जातें. चार इयत्ता कशाबशा शिकून गेलेला मुलगा साठ वर्षांनीं आपल्या नातवाचा हात धरून त्याला कॉलेजाच्या दारापर्यंत नेतो. सरकारी नियमांत काव्य शोधूं नये. परंतु ह्या एका नियमांत तें चुकून राहून गेलें आहे खरें.

कांहीं वर्षांपूर्वीं एक गृहस्थ आपल्या मुलीस बरोबर घेऊन असाच उतारा मागावयास आले. नोंद सांपडली. त्यांचे वडील १९५६ च्या जून महिन्यांत शाळेंत दाखल झाले होते आणि १९६० सालीं त्यांचें नांव कमी करण्यांत आलें होतें. कारणाच्या रकान्यांत सुवाच्य अक्षरांत दोन शब्द होते, 'सतत गैरहजर'. मुलगी वडिलांच्या खांद्यावरून वाचीत होती. ती हंसून म्हणाली, "म्हणजे आजोबा शाळा बुडवीत होते कीं काय, पप्पा?" वडील म्हणाले, "बुडवीत असतील." आणि तिला झेरॉक्स काढावयास समोरच्या दुकानांत पाठविलें.

ती गेल्यावर त्यांनीं आम्हांस सांगितलें. आजोबांचे वडील एका बागायतदाराकडे सालगडी होते. उचल घेतलेली फिटेना, म्हणून अकरा वर्षांच्या मुलाला गुरांमागें लाविलें. शाळेची घंटा वाजे तेव्हां तो ओढ्याच्या पलीकडे गुरें घेऊन उभा असे आणि घंटा त्याला ऐकूं येई. हें ते म्हातारपणींही सांगत. "मग हें मुलीला कां नाहीं सांगितलें?" असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, "कॉलेजांत तिच्या मैत्रिणी मोठ्या घरच्या असतील, सर. तिच्या डोक्यांत हें कशाला?"

आम्हांस त्यांचा राग आला नाहीं. आपण जी लाज भोगली ती मुलीस भोगावी लागूं नये, एवढीच त्यांची इच्छा, आणि तींत प्रेमच आहे. परंतु परिणाम काय झाला तो पाहावा. ज्या मुलाला शाळेपासून ओढून नेलें, त्याची आठवण त्याच्या नातीच्या मनांत शाळा बुडविणारा पोर म्हणून राहिली. ह्याच माणसानें पुढें १९७२ च्या दुष्काळांत पत्नीसह पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली, आणि त्यानंतर झालेल्या मुलाला, म्हणजे ह्या गृहस्थांना, बोर्डिंगांत ठेवून दहावीपर्यंत पोंचविलें. स्वतःला जी घंटा नुसती ऐकावी लागली ती मुलाला शाळेंत बसून ऐकावयास मिळावी, ह्याकरितां तो माणूस आयुष्यभर राबला. त्याचा गौरव करावयाचा दिवस उगवला तेव्हां त्याच्या वांट्यास 'बुडवीत असतील' एवढे दोन शब्द आले. ती मुलगी आतां पुण्यास शिकत आहे. वडिलांनीं पुढें तिला कांहीं सांगितलें कीं नाहीं, हें आम्हीं विचारलेलें नाहीं.

१९७२ चा दुष्काळ आमच्या विद्यार्थ्यांस पुस्तकांतील एका ओळीपुरता माहीत असतो, म्हणून त्याविषयीं चार शब्द अधिक लिहितों. पाऊस गेला, विहिरी आटल्या, गुरें छावण्यांत गेलीं किंवा मेलीं. सरकारनें रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशीं कामें काढिलीं, आणि ज्यांच्या घरांत दोन घांस होते त्यांनाही पुढें तेथें जावें लागलें. माणसें उन्हांत दगडाच्या ढिगापाशीं बसून हातोडीनें खडी फोडीत; मजुरी ढीग मोजून मिळे. परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी खावी लागे. कामावर सुकडी वांटीत, आणि बाया ती स्वतः न खातां पदरांत बांधून मुलांकरितां घरीं नेत. ज्या वाचकांच्या घरांत त्या काळचें कोणी हयात असेल त्यांनीं सुकडी हा शब्द त्यांच्यापुढें नुसता उच्चारून पाहावा. ह्या कामांतूनच रोजगार हमी योजना वाढीस लागली. राज्यानें तिचा कायदा १९७७ सालीं केला, आणि २००५ सालीं सबंध देशाकरितां तशा प्रकारचा कायदा झाला. कॉलेजांत अर्थशास्त्र शिकणाऱ्या नातीला हा कायदा परीक्षेकरितां पाठ करावा लागतो. तो ज्यांच्या घामावरून सुचला त्यांत आपले आजोबा होते, हें तिला कळलें तर तिची मान खालीं जाईल, असें तिच्या वडिलांस कां वाटावें?

आजोबांची निदान नोंद तरी सांपडते. आजीची तेवढीही सांपडत नाहीं. ती शाळेंत गेली नसेल तर तिचें पानच नाहीं; आणि मुलाच्या पानावरही तिचें नांव नाहीं, कारण जुन्या रजिस्टरांत आईच्या नांवाला रकानाच नव्हता. आतां १ मे २०२४ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नांवापुढें महाराष्ट्रांत आधीं आईचें व मग वडिलांचें नांव लिहावयाचें असा नियम झाला आहे. नियम योग्यच आहे, परंतु आमच्या पिढीच्या आजींस तो उशिरा झाला. कोणत्या वर्षीं कोणता डाग गहाण पडला, कोणाच्या वह्यापुस्तकांकरितां शेळी विकली, बोर्डिंगला जाणाऱ्या पोराच्या गांठोड्यांत भाकरी बांधल्यावर घरांत किती उरल्या, हें सारें तिच्याच डोक्यांत होतें आणि तिच्याबरोबर गेलें. कित्येक घरांत तिचें छायाचित्र म्हणून भिंतीवर जें आहे तें मतदार ओळखपत्रावरून मोठें करून घेतलेलें आहे. आयुष्यांत एकदां काय तो तिच्यासमोर क्यामेरा आला, आणि तोही सरकारी.

येथवर वाचून कोणी पालक म्हणतील, "आम्ही तर मुलांना रोज सांगतों." होय, सांगतात, आणि कसें सांगतात हेंही आम्हीं ऐकिलें आहे. "तुझ्या आजोबांनीं खडी फोडली, आणि तूं दिवसभर मोबाईल घेऊन लोळतोस!" अशा वेळीं आजोबा हे घरांतील वडील माणूस राहत नाहींत, खुंटीवर टांगलेली छडी होतात. चार वेळां ही छडी बसली कीं मुलगा आजोबांचें नांव निघतांच कान बंद करतो, आणि त्यांत त्याचा फारसा दोष नसतो. ज्यांनीं नातवाला बहुधा एक चापटही मारिली नसती, त्यांच्या हातांत आपण मरणोत्तर वेत देतों.

ह्याहूनही एक कठीण प्रकार आहे, आणि बारावीचे निकाल लागले म्हणजे शिक्षकांस त्यांत मध्यस्थी करण्यास बोलावितात. मुलाला इतिहास घ्यावयाचा असतो, किंवा शेतकीस जावयाचें असतें, किंवा आयटीआयमध्यें यंत्राचें काम शिकावयाचें असतें. वडील म्हणतात, "नाहीं. त्यानें डॉक्टरच झालें पाहिजे. आमच्या बाबांची शेवटची इच्छा होती." वाद तेथेंच संपतो. जिवंत आजोबांशीं नातवाला हुज्जत घालतां आली असती, लाडीगोडी करतां आली असती, आणि आजोबा जातीचे आजोबा असते तर अर्ध्या तासांत नातवाच्या बाजूस गेले असते. मेलेल्या माणसाला आपलें मत बदलतां येत नाहीं. शिवाय आजोबांनीं खरोखर काय म्हटलें होतें? पुष्कळदां चौकशी करतां असें निघतें कीं गांवांत त्यांना ठाऊक असलेला शिकलेला मनुष्य म्हणजे मिशन दवाखान्याचे डॉक्टर, आणि म्हणून "माझा नातू डॉक्टरासारखा होऊं दे" असें ते म्हणाले होते. त्यांची इच्छा एवढीच कीं नातवाला कोणापुढें हात जोडून उभें राहावें लागूं नये. त्या इच्छेचें आपण प्रवेशपरीक्षेच्या अर्जांत रूपांतर केलें, आणि तो अर्ज त्यांच्या नांवावर खपविला.

आजीआजोबांचा वांटा मान्य करणें म्हणजे त्यांच्या हुकमाखालीं राहणें नव्हे; आणि हें ज्यांच्या चरित्रांत स्वच्छ दिसतें अशा एका बाईंचें उदाहरण महाराष्ट्रांत आपल्यापुढें आहे. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं विद्यार्थिदशेंत आपल्या गुरूंना पेशव्यांच्या राणीस संस्कृत शिकवितांना ऐकिलें, आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवूं असा निश्चय केला. पुढें त्यांनीं लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविलें, त्याबद्दल शिष्टांचा रोष पत्करिला, आणि सह्याद्रींत गंगामूळच्या रानांत बिऱ्हाड केलें. तेथें २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. रमाबाई शिकण्याच्या वयाच्या झाल्या तोंवर वडील वृद्ध झाले होते. म्हणून तें काम आईकडे आलें. दिवसभर घरकाम असे, तेव्हां लक्ष्मीबाई पहाटेस मुलीला जागी करीत, आणि पांखरें बोलूं लागण्याच्या वेळेस पाठ देत. पुढें सारें कुटुंब तीर्थयात्रेंत फिरत राहिलें. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत उपासमारीनें वडील गेले आणि त्यांच्यामागोमाग आई गेली. अवघ्या चार वर्षांनीं, १८७८ सालीं, कलकत्त्याच्या विद्वानांनीं ह्या मुलीचा पंडिता व सरस्वती ह्या पदव्यांनीं सन्मान केला. तिला घडविणारे दोघेही तें पाहावयास नव्हते.

रमाबाईंची कन्या मनोरमा १८८१ सालीं जन्मली. तिनें आजीआजोबा पाहिले नाहींत. वडीलही ती तान्ही असतांनाच वारले. ही मनोरमा पुढें मुंबई विश्वविद्यालयाची बी. ए. झाली आणि आईच्या कार्यांत तिचा उजवा हात बनली. ती पदवीधर झाली तेव्हां रमाबाईंच्या मनांत रानांतली ती पहाट आली असेल किंवा नसेल, त्याविषयीं आम्ही तर्क करीत नाहीं. परंतु एक गोष्ट छापील आहे. रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर चार वर्षांनीं, १८८७ सालीं, फिलाडेल्फियास त्यांचें उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीविषयींचें इंग्रजी पुस्तक निघालें, आणि तें त्यांनीं आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केलें. आई हिंदु म्हणून जगली व हिंदु म्हणूनच वारली. अनंतशास्त्री थोर वैष्णव. मुलीनें धर्म बदलला हें त्यांना रुचलें असतें असें कोण म्हणेल? तिनें वडिलांच्या तोंडीं संमतीचे शब्द घातले नाहींत, आणि त्यांच्या नाराजीच्या भयानें स्वतःचा मार्गही सोडला नाहीं. तिनें आईचें ऋण नांव घेऊन मान्य केलें, आणि आपलें काम आपल्या जबाबदारीवर केलें. आमच्या मंडळींत रमाबाईंचा गौरव होतो तेव्हां पुष्कळदां त्यांचें चरित्र १८८३ पासून सुरू करतात. आम्हांस हें कधींच पटलेलें नाहीं. त्या पहाटेच्या पाठांवांचून पुढचें कांहीं झालें नसतें.

जो अभिमान केवळ गुणपत्रिकेवर उभा असतो, त्याविषयीं फार लिहिण्याची इच्छा नाहीं. ज्यांचीं मुलें कॉलेजांत गेलीं नाहींत, रुग्णालयांत परिचारिका झालीं, बसचे वाहक झालीं, शेतींत राहिलीं, त्यांचे आईवडील पेढे घेऊन येत नाहींत. ते आले तर आम्हांस तितकाच आनंद होईल, एवढें येथें नमूद करून ठेवितों.

आतां विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकरितां थोडें. वडील सांगत नसतील तर तुम्हीं विचारावें. परंतु "आजोबा कसे होते?" असें विचारूं नये, "फार चांगले होते" ह्यापलीकडे उत्तर येणार नाहीं. आजोबांची मजुरी किती होती, ती कोणत्या दिवशीं मिळे, आजी बाजारांत काय विकी, घरांत पहिला कंदील केव्हां आला, पहिली वीज केव्हां, कर्ज कोणाचें होतें व तें कधीं फिटलें, असें विचारावें. लक्ष्मीबाई टिळकांनीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें. तरी त्यांच्या 'स्मृतिचित्रें' ह्या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांत अशाच बारीकसारीक गोष्टी आहेत म्हणून तो आजही वाचितात. त्यांचा नातू अशोक टिळक ह्यांनीं पुढें त्या सबंध ग्रंथाची आवृत्ति संपादित केली. प्रत्येक आजीला लिहितां येणार नाहीं, परंतु प्रत्येक नातवाला आतां लिहितां येतें. ज्यांच्या घरीं कुटुंबाचें जुनें पवित्र शास्त्र असेल, त्याच्या आरंभीं जन्म, बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु लिहावयाचीं पानें असतात. तीं बहुधा अर्धीं कोरींच राहतात. कॉलेजांतील प्रवेशाची तारीख तेथें लिहावी, आणि त्याच ओळींत फी कोठून आली तें लिहावें.

शाळेच्या जुन्या रजिस्टरांची बांधणी ह्या दिवाळीच्या सुटींत नवी करून घेतली आहे, परंतु आंतील पानें फार ठिसूळ झालीं आहेत. ज्यांना आपल्या घरची नोंद पाहावयाची असेल त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर कचेरींत यावें. हात कोरडे असावेत, पानें बोट ओलें करून उलटूं नयेत, आणि होईल तर वडिलांस किंवा आईस बरोबर आणावें. 'सतत गैरहजर' म्हणजे काय हें त्यांनाच सांगतां येईल.